एका शेतात दोन कोपी

‘वहिनी, यंदा येळवशीला तुम्ही यायचंच. मी एकटी आहे म्हणून नाही हं बोलवत. मी कोप घालणार आहे, म्हणून.’

वन्संचा फोन आला तेव्हा मी बचत गटाच्या हिशेबाच्या वह्या पसरून बसले होते. कोप घालणार म्हणजे काय करणार, हे मला नीटसं कळलंच नाही. आमच्या सातारा भागात येळवस नाही. वन्सं लग्न होऊन निलंग्याला गेल्या त्याला वीस वर्षं झाली आणि दर वर्षी मार्गशीर्ष अमावास्या जवळ आली की त्यांचं बोलावणं यायचंच. मीही दर वर्षी ‘पुढच्या साली नक्की’ म्हणायची. पण या वेळी त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. वह्या मिटल्या, ह्यांना दोन दिवसांची भाजी सांगितली आणि निघाले.

मैत्रिणींनो, लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना येळवस सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. कागदोपत्री हिला वेळ अमावास्या म्हणतात, बोलताना सगळे येळवस किंवा येळामावस्या. शेजारच्या कर्नाटकात, बीदर-कलबुर्गीकडेही हीच अमावास्या ‘एळ्ळ अमावास्या’ म्हणून करतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. सीमेवरचा मुलूख, तेव्हा सण आणि शब्द दोन्ही इकडून तिकडे गेले असणार. ज्वारी, हरभरा, गहू, करडई अशी रब्बीची पिकं अंगाला आलेली असतात, तेव्हा काळ्या आईची पूजा करायची आणि सगळ्या गोतावळ्यानं शेतातच जेवायचं, हा तो सण. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते.

२०२४ साली येळवस ३० डिसेंबरला होती, सोमवारी. मी आदल्या दिवशी संध्याकाळी पोचले. औशाच्या पुढे लामजना पाटीवरून एक रस्ता किल्लारीकडे जातो. ती पाटी दिसली की अजूनही पोटात हलतं. गाडीतल्या बायका मात्र आंबिलाच्या गप्पांत रंगल्या होत्या. कुणाचं आंबील जास्त आंबलं, कुणाच्या सुनेनं त्यात आलंच घातलं नाही, वगैरे. मांडीवर मेथी-चुक्याच्या पिशव्या आणि पायाशी नवी मातीची मडकी.

वन्संच्या स्वयंपाकघरात गेले तर पाय ठेवायला जागा नव्हती. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, पावट्याचे दाणे, मेथी, पालक, चुका, हिरव्या मिरच्यांचा ढीग, चिंचेचा कोळ. या सगळ्याची मिळून भज्जी होते. भजी नव्हे, भज्जी! दाणे आणि पालेभाज्या शिजवून त्याला बेसन लावायचं आणि पळीनं घोटत राहायचं. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीच्या भाकरी, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आंबट भात. आंबील दोन दिवस आधीच कोपऱ्यात आंबत ठेवलेलं. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, जिरं. झाकण काढल्यावर जो वास येतो तो पहिल्यांदा नाकाला झोंबतो, आणि एक पेला प्यायल्यावर माणूस दुसऱ्यासाठी हात पुढे करतो. मी तरी केला.

रात्री बारापर्यंत आम्ही दोघी शेंगा सोलत होतो. भाची बारावीला, ती पुस्तक मांडीवर ठेवून उंडे वळत होती. भाचा सातवीत, तो आधीच झोपला. तेव्हा वन्संनी मला सगळं सांगितलं.

आमचे नंदावे २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. निलंग्यापासून चार-पाच किलोमीटरवर त्यांची सहा एकर जमीन. दोघे भाऊ. शेत एकत्र, पण कसायला दोघांनी अर्धं अर्धं घेतलेलं. सातबारा मात्र सासऱ्यांच्या नावावरून थेट थोरल्या दिरांच्या नावावर गेलेला आणि नावापुढे तीन अक्षरं : ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. सासरे २०१२ साली वारले, तेव्हा थोरला मुलगा कर्ता म्हणून लागला. धाकट्याचं नाव नाही, आईचं नाही, बहिणींचं नाही. त्या वेळी कुणाला खटकलंही नाही. घर एक होतं ना!

अडचण सुरू झाली ती धाकटा भाऊ गेल्यावर. वन्सं शेत बघतात. पेरणीला उभ्या राहतात, रोजंदारीच्या बाया सांगतात, सोयाबीन बाजारात नेतात. त्या साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, त्यांना मिळाला चार हजार शंभरच्या आसपास. तोटा त्यांचा. पण पीककर्ज मागायला गेल्या तर सातबाऱ्यावर नाव नाही. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, नाव नाही. पीकविमा त्या वेळी एका रुपयात होता (ती योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली), तोही भरायचा तर दिरांच्या नावानं. नुकसानभरपाई आली तर दिरांच्या खात्यावर. दीर पैसे बुडवत नाहीत, बरं का. आणून देतात. पण ‘आणून देतात’ हेच तर त्यांच्या मनाला लागतं.

‘तीन वर्षं झाली, मी शब्द काढला की भाऊजी म्हणतात, बघू. भांडतही नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.’

कायद्यानं यात बघण्यासारखं काही नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा पत्नी ही पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलांच्या आणि मुलींच्या बरोबरीनं. ए.कु.क. ही नोंद म्हणजे काही मालकी नव्हे. ती कमी करून सगळ्या वारसांची नावं लावावीत म्हणून अर्ज करता येतो, मग फेरफार होतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस देतात. हे मी गावोगावच्या बचत गटांत फळ्यावर लिहून सांगते. वन्संनाही फोनवर दहा वेळा सांगितलं होतं. त्यांनी अर्ज दिलाही होता. पण घरातल्या सगळ्यांचे जबाब आणि सह्या झाल्या की काम सरळ होतं, नाहीतर वर्षानुवर्षं चपला झिजतात. आणि ज्या दिराच्या घरासमोर रोज रांगोळी घालायची त्याच्याविरुद्ध तहसिलात उभं राहायचं, हे फळ्यावर लिहिण्याइतकं सोपं नसतं.

‘म्हणून यंदा मी माझ्या भागात माझी कोप घालणार,’ वन्सं म्हणाल्या. ‘वीस वर्षं त्या कोपीत मी आंबील नेऊन ओतलं. हे गेल्यावर तीन वर्षं बाजूला उभी राहिले. पूजा जोडप्यानं करायची असते ना! आता माझ्या शेतात माझी कोप. पूजा पोरं करतील.’

आता कोप म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

सकाळी आठला निघालो तर निलंगा ओळखू येईना. जिकडे तिकडे शटर खाली. चहाची टपरी बंद, सलून बंद, ज्या निलंगा राईससाठी लोक वाट वाकडी करून येतात त्याचे गाडेही बंद. संचारबंदी लागल्यासारखं गाव! आणि गावाबाहेरच्या प्रत्येक रस्त्यावर मात्र जत्रा. ट्रॅक्टर, टमटम, मोटारसायकलवर चौघं, मध्येच एखादी सजवलेली बैलगाडी. डोक्यावर बिंदगी घेतलेल्या बाया. बिंदगी म्हणजे आंबिलाचं मडकं. ज्याला शेत नाही, त्यालाही घरी बसू देत नाहीत. शाळेतले मास्तर, बँकेतले साहेब, भाड्यानं राहणारं कुटुंब, सगळ्यांना कुणा ना कुणाच्या शेतात बोलावणं असतं. एका घरचं जेवून झालं की दुसऱ्या बांधावरून हाक येते. नाही म्हणायची सोय नाही.

शेतात पोचलो. एकीकडे कंबरेच्या वर गेलेली ज्वारी, दुसरीकडे घाटे धरलेला हरभरा, कडेनं काटेरी करडई. दिरांच्या भागात नेहमीच्या जागी त्यांची कोप उभी होती. कडब्याच्या पेंढ्या गोल उभ्या करून वर बांधायच्या, तंबूसारख्या. त्यावर शाल पांघरायची. आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड मांडायचे, लक्ष्मी मांडायची. बस, एवढीच कोप. पण चहूबाजूला नजर टाकली आणि माझ्या लक्षात आलं. जिथवर दिसत होतं तिथवर प्रत्येक शेतात एक एक कोप. हिरव्या रानात लाल, निळ्या, भगव्या शालींचे ठिपके. कुणाचं शेत कुठपासून कुठपर्यंत, हे त्या दिवशी परक्या माणसालाही कळतं. सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो, तो कितीजण वाचतात? कोप सगळा शिवार वाचतो.

आणि बांधाच्या अलीकडे, वन्संच्या तीन एकरात, दुसरी कोप. जरा बुटकी, एका बाजूला कललेली. मायलेकींनी आदल्या दिवशी उभी केलेली. वर शाल नव्हती, वन्संची हिरवी साडी होती. लग्नातली. मी काही बोलले नाही.

शेजारच्या बांधावरून एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, ‘यंदा एका शेतात दोन कोपी का ओ?’ विचारलं दिरांना, पण ऐकवायचं होतं वन्संना. दिरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मला वाटलं, आता इथे काहीतरी होणार. माझं सगळं लक्ष त्यांच्याकडे आणि त्यांच्या बायकोकडे. खरं सांगते, वन्संच्या या जाऊबाईंबद्दल माझं मत काही चांगलं नव्हतं. नवऱ्याच्या मागे हीच असणार, असं मी मनात धरूनच गेले होते.

पूजा झाली. इकडे भाच्यानं आणि भाचीनं केली, दोघांची आधी कोण हळद वाहणार यावरून भांडणं. वन्सं मागे उभ्या होत्या. मग भाचीच म्हणाली, ‘आई, तू ये ना पुढे. नाहीतर मला येत नाही.’ तिला येत होतं. वन्सं पुढे आल्या, बसल्या आणि पाचही दगडांना हळद-कुंकू वाहिलं. कुणी काही म्हणालं नाही. मग चर घालायचा, म्हणजे आंबील आणि नैवेद्य पिकात शिंपडत शेताला फेरी मारायची. मडकं भाच्याच्या हातात, शिंपडायचं काम भाचीकडे, आणि मोठमोठ्यानं आरोळ्या. त्या आरोळ्या सगळ्या शिवारातून येत असतात. एका शेतातून उठली की दुसऱ्यातून उत्तर. अंगावर काटा येतो.

जेवायला लिंबाखाली पंगत. लिंब बांधावर, म्हणजे दोघांचाही. त्याला मुलांनी झोका बांधलेला. वन्संच्या सासूबाई तिथेच घोंगडीवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात. दोन्ही सुनांनी त्यांच्यासमोर एकाच वेळी भज्जीची वाटी धरली. आता म्हातारी कुणाची घेते, याकडे मी डोळे लावून बसले. त्यांनी दोन्ही वाट्या ताटात उपड्या केल्या.

‘हिच्यात मीठ कमी हाय, तिच्यात जास्त. कालवून खाल्लं की बराबर.’

सगळे हसले. दीरही हसले. ताण थोडा उतरला. आत्याबाई जेवता जेवता मला जुन्या येळवशी सांगत होत्या. १९९३ च्या अनंत चतुर्दशीच्या रात्री भूकंप झाला, विसर्जन करून माणसं झोपली ती झोपलीच. त्यानंतरच्या येळवशीला त्यांच्या माहेरकडच्या शिवारात किती शेतांत कोपच उभी राहिली नाही. ‘घरातलं कुणीच उरलं न्हाई तर घालणार कोन? म्या तवा धन्याला मन्लं, कोप दिसली की समजायचं हितं मानूस हाय.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘हिनं घातली, बरं केलं.’ हे त्या दिरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी सगळे लवंडले. मी आंबिलाच्या अमलाखाली डोळे मिटून पडले होते, तर कुणीतरी जवळ येऊन बसलं. जाऊबाई. हातात हरभऱ्याची डहाळी, सोलायचं निमित्त.

‘ताई, तुमी कायद्याचं सांगता म्हनं बायांना.’

मी सावध झाले. आता वन्संच्या अर्जाबद्दल बोलणार, म्हणून मनात उत्तरं जुळवायला लागले.

‘नवरा जिता असताना लागतं का ओ बायकोचं नाव?’

मैत्रिणींनो, मी उठून बसले. त्या हळू आवाजात बोलत होत्या, नजर कोपीकडे. ‘तिचं लागंल आज ना उद्या. तिचा मालक गेला, तिला हक्क हाय, मला कळतं. पर माझं? माझे मालक गेल्यावर मी बी अशीच पोरांच्या तोंडाकडं बगू का? मी तीस वर्सं हितं राबले. ह्यांना इचारलं तर मनतील, मी मरायची वाट बगतीस का.’

मी त्यांना सांगितलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं केवढं मोठं अधिवेशन भरवलं होतं, पुढे लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून दिली. सरकारनंही १९९२ साली लक्ष्मीमुक्ती योजनेचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर त्याच्यासोबत लागू शकतं. अडचण एकच, ‘स्वखुशीनं’. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘लक्षमी मनून दगडाला कुंकू लावतेत की दर साली. कागदाला लावाया काय हुतंय?’

यावर मी काय बोलणार? आणि बोलायचा मला तरी काय अधिकार होता? आज इथे लिहून टाकते. २०११ साली मी माझ्या भावाला हक्कसोड पत्र करून दिलं. नोंदणी कार्यालयात अंगठा लावला, बाहेर येऊन सगळ्यांनी मिसळ खाल्ली, भावानं पैठणी घेतली. तोपर्यंत २००५ ची दुरुस्ती होऊन सहा वर्षं झाली होती, आपल्या महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच मुलीला मुलाइतका हक्क होता. मला सगळं माहीत होतं. ‘माहेर तुटायला नको’ म्हणून सही केली आणि त्यानंतरही फळ्यावर लिहून बायकांना हक्क सांगत राहिले. भाऊ चांगला आहे, तक्रार नाही. पण त्या लिंबाखाली, त्या बाईसमोर मला ती पैठणी आठवली. अजून दोनदाच नेसले आहे.

हे मी जाऊबाईंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. ‘समद्याच करतेत,’ म्हणाल्या आणि सोललेले हरभरे माझ्या ओंजळीत घातले.

ऊन कललं तसं कोपीजवळ चूल पेटवून मातीच्या भांड्यात दूध ठेवलं. ते ज्या बाजूला उतू जाईल त्या बाजूला पुढच्या साली चांगलं पिकेल, असं मानतात. वन्संच्या चुलीवरचं दूध बराच वेळ उतूच जाईना. ओली लाकडं, नुसता धूर. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. शेवटी दिरांनीच त्यांच्या कोपीजवळची वाळलेली तुरकाठी आणून आत सारली आणि फुंकर घातली. दूध वर आलं आणि चारी बाजूंनी सांडलं. ‘जाऊ द्या, समदीकडं पिकंल,’ एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी वन्संशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ते त्यांना उद्देशून होतं की चुलीला, कोण जाणे.

अंधार पडायच्या आत हेंडगा. गवताचा मोठा जुडगा पेटवायचा आणि तो घेऊन पिकाच्या कडेनं पळायचं. चहूकडच्या शेतांतून जाळ धावताना दिसायला लागले. हे काम पोरांचं, म्हणजे मुलग्यांचं. भाच्याला खोकला झालेला, धुरानं बेजार. भाचीनं त्याच्या हातातून हेंडगा घेतला, ओढणी कमरेला खोचली आणि पळत सुटली. आम्हाला वाटलं, बांधापर्यंत जाईल आणि वळेल. ती वळली नाही. बांध ओलांडला, काकाच्या कोपीला वळसा घातला, ज्वारीच्या पलीकडे गेली. नुसता जाळ दिसत होता, पोरगी दिसत नव्हती. सहाच्या सहा एकराला फेरी. वन्सं श्वास रोखून उभ्या होत्या. दीर पुढे झाले. मी मनात म्हटलं, आता ओरडतात.

‘ए पोरी, करडईतनं जाऊ नकू! काटे बोचतेत!’

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. कागदाचं काही ठरलं नव्हतं, कुणी विषयही काढला नाही. वन्संनी डब्यात भज्जी दिली. ती शिळी जास्त चांगली लागते, हे अगदी खरं.

२०२५ च्या फेब्रुवारीत वन्संचा फोन आला. दिरांनी तलाठ्याकडे जाऊन जबाब दिला होता. आत्याबाईंचं, दोघी नणंदांचं, वन्संचं, मुलांचं, सगळ्यांचीच नावं लावायची म्हणून. एवढ्यानं काम झालं असं नाही, फेरफार मंजूर व्हायला पुढे किती फेऱ्या लागतात ते तुम्हाला माहीत आहे. वन्सं खूप बोलत होत्या, मध्येच रडत होत्या. मग म्हणाल्या, ‘थांबा, जाऊबाईंना द्यायचाय फोन.’

जरा वेळ नुसती खुडबूड ऐकू आली. बहुतेक फोन घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या असाव्यात.

‘ताई, त्या दुसऱ्या अर्जाला काय काय जोडाया लागतं?’

‘का हो, तयार झाले का ते?’

‘न्हाई. पर मी आधारची झेरॉक्स काढून ठिवते.’